घराण्यात विष्णू तीन, त्यातले आपले कोणते?

मंडळी, नमस्कार.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीचं छापील पुस्तक, गिरगावात आत्याकडे आहे. तो उघडला की पणजोबांचं नाव लगेच सापडतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. गणेशाचा विष्णू, विष्णूचा गणेश, त्याचा पुन्हा विष्णू. चुलत घरांतही तेच. त्यामुळे एकाच शाखेत ‘विष्णू गणेश’ तीन निघाले. आडनाव एक, मूळ गाव एक, जन्मसाल कुणाचंच दिलेलं नाही.

मग ओळख पटवायची कशी? माझ्या मते, घरातल्या बायकांच्या नोंदींवरून. कुलवृत्तांत उभा असतो तो पुरुषांच्या वंशावळीवर. लेक सासरी गेली की तिची फांदी तिथेच थांबते, याचं मला फार वाईट वाटतं. पण पत्नीच्या नोंदीत पुष्कळदा तिचं माहेरचं नाव, वडील आणि गाव दिलेलं असतं. पणजीचं माहेर आत्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बाकीचे दोन विष्णू बाजूला झाले.

दुसरा आधार श्राद्धाच्या तिथीचा. साल विसरलं जातं, तिथी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. आमच्या पणजोबांची माघ वद्य पंचमी. पुस्तकात शेजारी शके १८१८. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपल्याला ठाऊक असतं, पण माघ-फाल्गुनात मिळवायचे ७९. म्हणजे १८९६ नव्हे, फेब्रुवारी १८९७.

हा एका वर्षाचा फरक किरकोळ नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला गेला, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं शहर सोडून गेली. गिरगावात राहणाऱ्या माणसाचा मृत्यू मुंबईच्या दप्तरात का मिळत नव्हता, ते इथे उलगडलं. ते कोकणात घरी गेले होते. गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, त्यांची नोंद मोडीत आहे: नाव, बापाचं नाव, कारण ताप. प्लेगचं नाव घेतलं तर घर रिकामं करावं लागेल, माणसाला उचलून नेतील, अशी तेव्हा लोकांना धास्ती असे. म्हणून त्या ‘ताप’वरून मी कुठलाच निष्कर्ष काढत नाही.

पुष्कळ जण आधी काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं सरकारी पुराभिलेखागार गाठतात. पूर्वज सरकारी नोकरीत किंवा इनामदार असतील तर जरूर जा. नाहीतर आधी गावचे फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी), कोतवाल बुक आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. आणि छापील कुलवृत्तांत सगळ्या समाजांत नाहीत, म्हणून कुणी हिरमुसू नका. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांतल्या यात्रेकरूंची नावं पिढीवार मिळतात, आणि कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी आजही दारात येऊन वंशावळ म्हणून दाखवतात.

मुंबईत तुमच्या आत्या, मावश्या, काकू असतील, त्यांना याच आठवड्यात फोन करा. पणजीचं माहेर आणि घरातल्या श्राद्धतिथी तेवढ्या विचारून लिहून घ्या. कुणाकडे मोडी कागदांचे फोटो असतील तर चहाच्या वेळी मला दाखवा, आपण मिळून वाचू.