ट्रकमधून न येणाऱ्या दोन गोष्टी

मंडळी, आपत्तीनंतर ‘प्रीफॅब’ हा शब्द कानावर आला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पत्र्याची शेड उभी राहते. ती निवारा असते, घर नव्हे. मे महिन्यातल्या दुपारी तिच्यात बसलेल्याला हा फरक वेगळा सांगावा लागत नाही. मी बोलणार आहे ते कारखान्यात भाग घडवून उभारायच्या कायमच्या घराबद्दल, आणि त्यातही ट्रकमधून येऊच न शकणाऱ्या दोन गोष्टींबद्दल : सांधा आणि पाया.

7 डिसेंबर 1988 च्या भूकंपात आर्मेनियातील लेनिनाकान शहरात खांब-तुळयांचे तयार भाग जोडून उभारलेल्या नऊमजली इमारती मोठ्या संख्येने कोसळल्या, तर तयार भिंती एकमेकींत गुंफून केलेल्या इमारती बहुतांशी तगल्या. भाग दोन्हींचे कारखान्यातलेच होते. पण पहिल्या प्रकारात खांबांचे जोड कच्चे होते आणि मजल्यांच्या काँक्रीटच्या फळ्या एकमेकींना नीट बांधलेल्या नव्हत्या. 1993 मध्ये किल्लारीला तयार भाग कुठेच नव्हते, तरी दोष त्याच जातीचा होता : दगडमातीच्या जाड भिंतींचे आतले व बाहेरचे थर बांधून ठेवणारे लांब दगड त्यांत नव्हते, आणि वर माळवदाचे ओझे होते.

1967 चा भूकंप आणि 2021 च्या दरडी सोसलेल्या पाटण तालुक्यात मोठे पॅनेल न्यायचे म्हटले, तर घाटातल्या वळणावर ट्रेलर अडणार आणि क्रेन उभी करायला जागा मिळणार नाही. तिथे रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने विकसित केलेली फळी-तुळईची छतपद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते. फूटभर रुंद, चार-पाच फूट लांब काँक्रीटची तयार फळी दोन माणसे उचलतात, तुळयांवर मांडतात, वर सळ्या बांधून जागेवरच काँक्रीट ओततात. त्या ओल्या काँक्रीटनेच सुटे तुकडे एक होतात. साच्यांचा खर्च मात्र वस्तीभर घरे एकदम झाली तरच भरून निघतो. एकट्यादुकट्या घराला ही पद्धत महागच पडते.

कृष्णाकाठी प्रश्न वेगळा आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खालच्या स्थिर थरापर्यंत न्यावा लागतो आणि तो खर्च कोणताही कारखाना वाचवत नाही. शिवाय ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी 57 फुटांवर गेले, त्यापुढे तीन फुटांचे जोते कितीसे पुरणार? म्हणून अशा जागी दिवसचे दिवस पाण्यात राहून न बिघडणारी, नुसती धुऊन वापरता येणारी भिंत हवी आणि विजेची वायर छताकडून खाली यायला हवी.

एका वसाहतीत एका गृहस्थांनी किराणा दुकानासाठी भार पेलणाऱ्या भिंतीला खिडकी पाडलेली मी पाहिली आहे. सळ्या कापल्या गेल्या होत्या. त्यांना दोष कसा देणार? घराचा नकाशा त्यांच्या हाती कोणी दिलाच नव्हता. तेव्हापासून आम्ही चावी देताना भिंतीचा कापायचा नाही तो भाग ऑइल पेंटने रंगवून देतो.