पाचव्या क्रमांकाचे विजेते: लीड्स ऱ्हायनोज, २०११

[दृश्य: हेडिंग्ली, क्रिकेटचं मैदान, सकाळ]

हे हेडिंग्ली. उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरातलं मैदान. आपल्याला ते क्रिकेटमुळे ठाऊक आहे. १९८६ साली दिलीप वेंगसरकरांनी इथे ६१ आणि नाबाद १०२ धावा काढल्या आणि भारताने कसोटी जिंकली. १९९२ साली यॉर्कशायरने पहिल्यांदाच परदेशी खेळाडू करारबद्ध केला, तो सचिन तेंडुलकर.

[दृश्य: कॅमेरा स्टँडवरून पलीकडे उतरतो]

पण या स्टँडला दोन बाजू आहेत. क्रिकेटकडे पाठ केली की समोर दुसरं मैदान उलगडतं. निळ्या आणि पिवळसर रंगांचं, दोन्ही टोकांना उंच गोलखांब असलेलं. इथे लीड्स ऱ्हायनोज खेळतात. खेळ आहे रग्बी लीग.

एका संघात तेरा जण. सामना ८० मिनिटांचा. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण पास द्यायचा तो मागच्याच माणसाला. पकडला गेला म्हणून गडी कबड्डीसारखा बाद होत नाही. तो उठतो, चेंडू टाचेने मागे सारतो आणि खेळ पुढे चालू होतो. अशा सहा पकडींच्या आत काही साधलं नाही, तर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. रेषेपलीकडे नेऊन चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, म्हणजे ४ गुण. त्यानंतरची किक, म्हणजे कन्व्हर्जन, खांबांमधून गेली की आणखी २. पेनल्टीचेही २.

[दृश्य: हडर्सफील्ड रेल्वे स्टेशन, चौक, जॉर्ज हॉटेलची दर्शनी बाजू]

लीड्सजवळचं हडर्सफील्ड. स्टेशनाबाहेर पडलं की हे जॉर्ज हॉटेल. २९ ऑगस्ट १८९५ रोजी उत्तरेतल्या रग्बी क्लबांची माणसं इथे बसली आणि त्यांनी इंग्लंडच्या रग्बी युनियनशी नातं तोडलं. भांडण मजुरीचं होतं. उत्तरेचे खेळाडू कोळशाच्या खाणीत, कापडाच्या गिरण्यांत राबणारे. शनिवारी सामन्याला गेलं की त्या दिवसाची मजुरी बुडायची. ती भरून द्यावी, एवढीच मागणी होती. खेळासाठी पैसे घेणं हे सभ्य गृहस्थाचं लक्षण नाही, असं युनियनचं उत्तर होतं. ज्यांना मजुरी बुडण्याची धास्ती कधी नव्हती, त्यांनी दिलेलं हे उत्तर. मग बावीस क्लबांनी वेगळी चूल मांडली. बुडालेल्या दिवसाची भरपाई ठरली सहा शिलिंगांपर्यंत. पुढे १९०६ मध्ये पंधराचे तेरा गडी झाले आणि आज आपण पाहतो तो खेळ घडत गेला.

त्या बावीस क्लबांत लीड्स होतं.

[दृश्य: सरावाचं मैदान, लहान मुलं, चिखल]

या मुलांकडे नीट पाहा. २०११ ची गोष्ट इथूनच सुरू होते.

लीड्स हा मोठा आणि नावाजलेला क्लब. तरीही १९७२ नंतर विजेतेपदासाठी त्याला बत्तीस वर्षं वाट पाहावी लागली. ते २००४ साली मिळालं, आणि मिळवणाऱ्यांत क्लबनेच वाढवलेली पोरं होती. केविन सिनफिल्ड ओल्डहॅमचा. तेराव्या वर्षी लीड्सच्या अकादमीत आला, सोळाव्या वर्षी पहिल्या संघातून खेळला आणि २००३ पासून कर्णधार झाला. डॅनी मॅग्वायर लीड्सचाच. जेमी जोन्स-ब्युकॅनन आणि रायन बेली हेही इथलेच. रॉब बरो पाँटेफ्रॅक्टचा. उंची ५ फूट ५ इंच. समोर शंभर शंभर किलोंची माणसं उभी राहतात त्या खेळात, ५ फूट ५ इंच.

बाहेरून तयार खेळाडू विकत आणणं सोपं असतं. लीड्सनेही आणले, त्यात चांगले होते. पण वाईट दिवसांत संघ कुणाच्या खांद्यावर उभा राहतो, ते २०११ मध्ये दिसलं.

[दृश्य: कार्डिफचं स्टेडियम, आकाशातून]

नवा प्रशिक्षक ब्रायन मॅकडरमॉट. पूर्वी रॉयल मरीन्समधला सैनिक, काही काळ व्यावसायिक मुष्टियोद्धाही. फेब्रुवारीत कार्डिफला पहिला सामना, शेजारच्या ब्रॅडफर्डशी. निकाल ३२-३१. हरले. एका गुणाने.

त्यानंतरचे महिने असेच गेले. एक आठवडा जिंकायचं, पुढचा घालवायचा. सुपर लीग या मुख्य स्पर्धेच्या साखळीतल्या २७ सामन्यांत १५ विजय, ११ पराभव, एक बरोबरी. चौदा संघांत पाचवा क्रमांक. पहिल्या आलेल्या वॉरिंग्टनपेक्षा १३ गुण कमी.

[दृश्य: वेम्बलीची कमान, निळ्या शर्टांची गर्दी]

मधल्या काळात एक दार उघडं होतं, चॅलेंज कप या वेगळ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचं. उपांत्य फेरीत कॅसलफर्डशी सामना जादा वेळेत गेला. तिथे जो पहिला गुण मिळवेल तो जिंकणार. सिनफिल्डने पेनल्टी मारली आणि लीड्स १०-८ ने पुढे गेलं. २७ ऑगस्टला लंडनच्या वेम्बलीवर अंतिम सामन्यात समोर होतं विगान. त्यांच्या जेफ लिमाने दोन ट्राय केले आणि सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी घेतली. विगान २८, लीड्स १८. आदल्या वर्षीही लीड्स इथे अंतिम सामना हरलं होतं. हा कप त्यांनी १९९९ नंतर उचललेलाच नव्हता.

[दृश्य: पायऱ्यांवरून उतरणारे खेळाडू. निवेदन थांबतं.]

आता उरली सुपर लीगची बाद फेरी. पहिले आठ संघ त्यात जायचे. वरच्या चौघांना एक हार माफ. पाचव्यापासून खाली तशी सवलत नाही, हरलात की घरी. हल क्लबला लीड्सने ४२-१० असं हरवलं. मग हडर्सफील्डला त्यांच्याच मैदानावर ३४-२८.

आणि आता त्या काळातला एक विलक्षण नियम. उपांत्य फेरीत कुणाशी खेळायचं, हे सरस क्रमांकाच्या विजेत्याने स्वतः निवडायचं. त्याला ‘क्लब कॉल’ म्हणत. निवड होती वॉरिंग्टनकडे. समोर दोन नावं, विगान आणि लीड्स. वॉरिंग्टनने लीड्सचं नाव घेतलं. पाचवा क्रमांक, वेम्बलीवर हरून आलेला संघ. कागदावर ते बरोबरच होतं.

[दृश्य: वॉरिंग्टनचं मैदान, रात्रीचे दिवे]

शेवटची मिनिटं. २४-२४. लीड्सला पेनल्टी मिळते. सिनफिल्ड चेंडू ठेवतो, मागे जातो, वर पाहतो.

२६-२४.

[दृश्य: लीड्स बेकेट विद्यापीठ, विद्यार्थी संघटनेच्या इमारतीवरचं भित्तिचित्र]

शहरातून फिरताना हे चित्र लांबूनच दिसतं. भिंतभर उंचीचा रॉब बरो. ८ ऑक्टोबर २०११ ला, सुपर लीगच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, ६९ हजारांहून अधिक लोकांसमोर, तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला होता. त्या हंगामात हुकरच्या, म्हणजे पकडीनंतर चेंडू उचलून खेळ सुरू करणाऱ्याच्या, जागी ऑस्ट्रेलियाचा डॅनी ब्युडेरस सुरुवात करायचा आणि बरो मागाहून उतरायचा.

समोर सेंट हेलेन्स. सलग सहावा अंतिम सामना खेळत होते आणि आधीचे चार ओळीने हरले होते, त्यांतले तीन लीड्सकडूनच. मध्यंतर जवळ येतं आहे, गुण २-२. पहिल्या सत्राच्या मध्यावरच बरो मैदानात उतरला होता.

[दृश्य: ट्रायचं चित्रण, पूर्ण वेगात]

चेंडू त्याच्या हातात येतो. रेषा अजून जवळपास अर्धं मैदान दूर. समोर बचावाची भिंत.

[दृश्य: तेच, संथ गतीत]

पुन्हा पाहू. पहिला हात त्याच्या डोक्यावर येतो. तो वाकतो आणि हाताखालून निघतो. इथे त्याची उंची बघा. दुसऱ्या कुणाला त्या फटीतून जाताच आलं नसतं. आता मोकळं मैदान आणि एकटा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, पॉल वेलन्स, अनुभवी, सहसा न फसणारा. बरो एका पायावर तोल टाकतो, दुसरीकडे वळतो. वेलन्स मागे राहतो.

रेषा. ट्राय. कन्व्हर्जनसह ८-२.

दुसऱ्या सत्रात सेंट हेलेन्सने दोन ट्राय केले, मेकिन्सन आणि शेंटन. कन्व्हर्जन आणि एक पेनल्टी धरून ते १६-८ ने पुढे. शेवटची वीस मिनिटं राहिली होती. त्या वीस मिनिटांत लीड्सने २४ गुण केले आणि समोरच्याला एकही दिला नाही. लाउइटीटी, हॉल, अ‍ॅब्लेट, हार्डेकर, चार ट्राय. अ‍ॅब्लेटच्या ट्रायची वाट पुन्हा बरोनेच मोकळी केली, मैदान कापत गेलेल्या एका लांब धावेने. चारही कन्व्हर्जन सिनफिल्डची.

३२-१६.

[दृश्य: चषक, सिनफिल्ड, बरो. निवेदन नाही, मैदानाचा आवाज]

सामनावीराची हॅरी संडरलँड ट्रॉफी पत्रकारांच्या मतांनी ठरते. त्या रात्री प्रत्येक मत बरोला गेलं. पाचव्या क्रमांकावरून सुपर लीग जिंकणारा हा पहिला संघ.

त्या रात्रीच्या संघातली पाच नावं पुन्हा घेतो: सिनफिल्ड, मॅग्वायर, बरो, बेली, जोन्स-ब्युकॅनन. सात वर्षांपूर्वी, २००४ च्या विजयातही हीच पाच होती. गुणतालिका फक्त पाचवा क्रमांक दाखवते. ११ पराभव पचवून हा संघ फुटला नाही, कारण ही माणसं एकमेकांना पोरवयापासून ओळखत होती. क्लबने मुलं वाढवावीत ती यासाठी.

[दृश्य: हेडिंग्ली, झपाट्याने बदलणारी चित्रं]

फेब्रुवारी २०१२ मध्ये हेडिंग्लीवर ऑस्ट्रेलियाचा विजेता मॅनली आला आणि २६-१२ असा हरून गेला. निवडीचा तो नियम पुढे बंद झाला. बरोला २०१९ च्या डिसेंबरमध्ये मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. सिनफिल्डने त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून मदत उभी केली, २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याला उचलून अंतिम रेषेपार नेलं. २ जून २०२४ रोजी बरो गेला.

[दृश्य: मॅरेथॉनची अंतिम रेषा. निवेदन नाही]

२०१२ च्या हंगामात लीड्स पुन्हा पाचवं आलं. पुन्हा वेम्बलीवर चॅलेंज कपचा अंतिम सामना हरलं, या वेळी वॉरिंग्टनकडून. आणि सहा आठवड्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच वॉरिंग्टनला २६-१८ असं हरवून विजेतं ठरलं, सामनावीर सिनफिल्ड. कप मात्र हुलकावणी देत राहिला. तो २०१४ साली, कॅसलफर्डला २३-१० असं हरवून, सिनफिल्डच्या हाती आला.