मूरबुर्ग : कोळसा गेला, हायड्रोजन आला, गाव तिथंच

(दृश्य : बांधालगतचा रस्ता, विटांची घरं, मागे बंदराच्या क्रेन.)

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदराच्या दक्षिणेला, एल्ब नदीच्या बांधाला धरून मूरबुर्ग वसलंय. वस्ती जेमतेम सातशेची. शेजारचं आल्टेनवेर्डर गाव बंदरानं केव्हाच गिळलं. २००२ साली तिथं कंटेनर टर्मिनल सुरू झालं. उरलं ते चर्च आणि दफनभूमी. मूरबुर्गची जमीनही १९८२ च्या कायद्यानं बंदराच्या विस्तारासाठी राखून ठेवली गेली. अशा गावात नव्या प्रकल्पाचा नकाशा कुणी नुसत्या कौतुकानं बघेल, ही अपेक्षाच चूक.

(दृश्य : वीजप्रकल्पाची धुराडी कोसळतात.)

इथं २०१५ मध्ये सोळाशे मेगावॅटचा कोळशाचा वीजप्रकल्प सुरू झाला होता. थंड करण्यासाठी एल्बचं पाणी घ्यायचं ठरलं, आणि नदीतल्या माशांवरून प्रकरण कोर्टात गेलं. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं जर्मनीची परवानगीच नियमबाह्य ठरवली. २०२१ मध्ये प्रकल्प कायमचा बंद. अब्जावधी युरोंचा खर्च, आणि आयुष्य सहा वर्षांचं! नोव्हेंबर २०२४ मध्ये धुराडीही पाडली.

त्याच जागेवर आता १०० मेगावॅटचा इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढणारं यंत्र, उभा राहतोय. २०२७ मध्ये तो सुरू करायचा बेत आहे, आणि वर्षाला सुमारे १० हजार टन हायड्रोजन मिळेल असा अंदाज. जागा हीच का? उच्चदाबाची वीजवाहिनी दारात आहे, जहाजांसाठी धक्का आहे, आणि गिऱ्हाईक असलेले कारखाने बंदरातच आहेत.

(दृश्य : रेखाचित्र – पाणी, पडदा, दोन वायू.)

तत्त्व शाळेतलंच. पाण्यातून वीज सोडली की एका बाजूला हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. मध्ये पातळ पडदा. वारा आणि ऊन कमी-जास्त होतं, तशी वीजही. भार फार उतरला की हायड्रोजन तयार होतो थोडा, पण पडद्यातून झिरपणारा वायू काही त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे भेसळीचं प्रमाण वाढतं. मे २०१९ मध्ये दक्षिण कोरियातल्या गांगनुंगमध्ये हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळला होता. स्फोटात दोघांचा जीव गेला. म्हणून हायड्रोजनच्या नळीतच ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हवा, आणि आकडा चढला की यंत्र आपोआप बंद पडायला हवं. माणसानं बटण दाबायची वाट बघून चालत नाही.

हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका. गळला की सरळ वर जातो. उघड्यावर ही गोष्ट सोयीची, बंद खोलीत जिवावरची. त्याची ज्योतही दिवसा जवळजवळ दिसत नाही. म्हणून छताखाली वायू अडेल असा कोनाडा ठेवायचा नाही, झरोका सगळ्यात उंच जागी ठेवायचा, सेन्सरही तिथंच.

पण गावकऱ्यांनी विचारायचा पहिला प्रश्न माझ्या मते साठ्याचा आहे. सेव्हेझो या इटलीतल्या गावाजवळ १९७६ मध्ये विषारी वायू पसरला. युरोपची अपघात-नियमावली त्याच नावानं ओळखली जाते. तिच्यानुसार आवारात ५ टन हायड्रोजन असेल तर बंधनं लागू होतात, ५० टनांवर ती आणखी कडक. १०० मेगावॅटचा प्रकल्प भर वेगानं चालला, तर तासाला पावणेदोन टनांच्या आसपास वायू निघतो. म्हणजे तीन तासांचं उत्पादन टाकीत ठेवलं की ५ टनांची रेघ ओलांडली! त्यापेक्षा वायू तयार होईल तसा पाइपलाइननं पुढे धाडलेला बरा. हॅम्बुर्गनं बंदर परिसरात सुमारे ४० किलोमीटरचं जाळं आखलंय, त्याचा हाही एक फायदा.

(दृश्य : रात्र. पंख्यांचा आवाज.)

स्फोटाची बातमी होते. रोजचा त्रास मात्र आवाजाचा. ट्रान्सफॉर्मरची घरघर, कॉम्प्रेसर, थंड करणारे पंखे. जर्मनीत गावासारख्या मिश्र वस्तीला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पंख्यांची तोंडं नदीकडे वळवायची, की घरांच्या बाजूला भिंत घालायची, हे कागदावरच ठरवावं लागतं.

तसंच उष्णतेचं. घेतलेल्या विजेपैकी साधारण पाव ते एक-तृतीयांश हिस्सा उष्णता होऊन जातो. ती हवेत सोडायची, की नळांतून घरं तापवायला द्यायची? नळ टाकायचे असतील तर रस्ते खोदण्याआधीच ते नकाशात आले पाहिजेत.