गडगा, बेडं आणि दरीवरची पडवी

(दृश्य: पहाटेची पाणंद. दोन्ही बाजूंना गडगे, वर धुकं. पहिले काही क्षण निवेदन नाही, फक्त पावलांचा आवाज.)

दाणोली मागे टाकून आंबोलीच्या घाटाकडे निघालं की डोंगर अंगावर येतो. रस्ता चढणीला लागायच्या आधी उतारावर या वाड्या आहेत. वर आंबोलीला वर्षाला सरासरी ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यातला पश्चिमेकडे कलंडणारा वाटा यांच्याच परसातून, पाणंदीतून, व्हाळातून म्हणजे ओढ्यातून खाली जातो. चार महिने पाणी आणि त्यानंतर फुफाटा उडवणारं ऊन. इथे घराबाहेर जे काही उभं करायचं, ते या दोघांच्या तावडीत टिकायला हवं.

पाणंदीचा हा गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचं कुंपण, वाडीतल्या आबांच्या आजोबांनी घातला. चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावासुद्धा नाही. दगडावर दगड, बस्स.

(दृश्य: आबांचे हात. दगड उचलणं, फिरवणं, बसवणं. सलग राहू द्यावं, कापू नये.)

गडगा बांधत नाहीत, घालतात. पायाला अडीच फूट रुंद, माथ्याला दीड. दोन्ही बाजूंना मोठ्या दगडांच्या कडा, पोटात बारीक दगडांची भर, आणि दर दोन-तीन हातांवर एक लांब दगड आडवा, दोन्ही कडांना धरून ठेवणारा. दोन्ही अंगं आत झुकलेली, म्हणजे वजन मधे पडतं.

हा दगड बघा. आबांनी तो तीनदा फिरवला. मोठी बाजू आत, निमुळती बाहेर? नाही. उलटा केला. आता बसला, पण डुगडुगतोय. मग मागच्या फटीत एक चिप, नखाएवढी, हातोडीच्या दोन टोल्यांनी. आणि इथे कान द्या. डुगडुगणारा दगड पोकळ वाजतो, बसलेला दगड ठप्प वाजतो. आबा पुष्कळदा दगडाकडे न बघताच पुढचा उचलायला वळतात, ते या आवाजाच्या भरवशावर.

(आबांचा मूळ आवाज.)

फटी बुजवायच्या नाहीत, हे ते सांगतायत. पाऊस मुरला की वरच्या दळ्यातली, म्हणजे वरच्या शेताच्या तुकड्यातली, माती पाण्याने जड होते आणि खालच्या बाजूला रेटते. गडग्याच्या शेकडो फटींतून ते पाणी झिरपून निघून जातं, माती मागे राहते. एखादा दगड निखळलाच तर दिवाळीनंतर परत चढवायचा. सगळा गडगा एकदम आडवा होत नाही.

(दृश्य: पडलेली कंपाउंड भिंत, विटा, वाकलेल्या सळया.)

ही भिंत वाडीच्या वरच्या अंगाला, सुट्टीतल्या एका घराची. दोन्हीकडून गुळगुळीत गिलावा, वर रंग आणि पाणी बाहेर पडायला एकही भोक नाही. गेल्या जुलैत ती गेली. त्या रात्रीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही. आहे तो फेब्रुवारीतला ढिगारा. खालच्या गोठ्यातली गाय वाचली, भरपाईचं बोलणं अजून चालू आहे.

भिंतीला दोष सिमेंटचा नव्हता. मागे साचलेल्या पाण्याला जायला जागा नव्हती. नव्या भिंतीत आता गुडघ्याएवढ्या उंचीवर, हातभर अंतरावर नळ्या घातल्यात, आतल्या टोकाला खडीची भर दिलीय, नाहीतर एका पावसात त्या मातीने बुजतात. एवढं करून जे साधलं, ते गडग्यात फुकट मिळतं.

(दृश्य: चिऱ्याची खाण, यंत्राची गोल पाती, लाल धूळ.)

गडग्याच्या वरच्या थरांत जांभा दिसतो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ हा दगड पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटराइट हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव चपखल आहे. जमिनीतून निघताना जांभा इतका मऊ की कुऱ्हाडीने तासता येतो, वारा लागला की घट्ट होत जातो. म्हणून ताजा चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला ठोकळा, लगेच भिंतीत घालत नाहीत, एखादा हंगाम उघड्यावर ठेवतात. पूर्वी हाताने तोडत, आता यंत्राची पाती दिवसभर फिरतात. खाणी मागे उरतात, पाण्याने भरतात, आणि त्यांना स्वतःला गडगा नसतो.

(दृश्य: बेडं. एक मुलगी बांबूचे दांडे सरकवून गुरं आत घेते.)

हे बेडं. दोन खांब, खांबांना भोकं, भोकांतून आरपार सरकणारे तीन-चार दांडे. ना बिजागरी, ना कडी, त्यामुळे गंजण्यासारखं काहीच नाही. दांडे माणग्याचे. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, गुराने अंग घासलं तरी वाकत नाही. तोड पावसाळ्यात करायची नाही. थंडीत, वद्य पक्षात करायची असा रिवाज आहे. चंद्राचं काय ते चंद्र जाणे, पण थंडीत बांबूत पिठूळ अंश कमी असतो हे खरं, आणि भुंगेरा त्या पिठासाठीच येतो. तोडलेला बांबू मग व्हाळात दगडाखाली दाबून ठेवतात, उरलेलंही धुऊन जातं. बाहेर काढल्यावर त्याला वास येतो. तो पडद्यावर येत नाही, तेच बरं.

बेड्याच्या पुढे वई, म्हणजे खुंटांचं कुंपण आहे. तिचे खुंट पांगाऱ्याचे आणि निरगुडीचे. पावसाच्या तोंडावर हिरवी फांदी रोवली की ती मूळ धरते. मेलेला खुंट जमिनीच्या रेषेत कुजतो, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच भेटतात. हा खुंट कुजत नाही, कारण तो मेलेलाच नाही.

वानरांचं काय, असा प्रश्न येईलच. गडगा असो, वई असो की काँक्रीट, वानराला सगळं सारखंच.

(दृश्य: दरीच्या तोंडावरचं घर. लाकडी डेक, सुतार गुडघ्यावर बसलेला.)

ज्याची भिंत पडली, त्याच घराचा हा डेक. मालक मुंबईला असतात. पहिला डेक पांढुरक्या, स्वस्त पाईनचा होता आणि दुसऱ्याच पावसाळ्यात फळीतून पाय आरपार गेला. लाकडात ओल वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी कामाला लागते, आणि इथे जून ते सप्टेंबर फळी त्याच्या खाली उतरत नाही.

दुसऱ्या खेपेला सुतारमेस्त्रींनी पाडलेल्या एका जुन्या घराचं सागवान आणि ऐन आणला. झाडाच्या बाहेरचा फिकट भाग तासून टाकला, गाभा तेवढा ठेवला. खांब मातीत पुरले नाहीत. प्रत्येकाखाली काळ्या दगडाचा तळखडा आहे, जमिनीपासून वीतभर वर. माजघरातल्या खांबांना पिढ्यान् पिढ्या तळखडे दिले आपणच, आणि अंगणात आलो की तोच खांब खड्ड्यात घालून सिमेंट ओततो. हे कोडं मला सुटलेलं नाही.

(दृश्य: जवळून. दोन फळ्यांच्या मधे उभा धरलेला चार इंची खिळा.)

हा खिळा ठोकण्यासाठी नाही, मापासाठी आहे. प्रत्येक दोन फळ्यांच्या मधे तो उभा धरायचा, फळी त्याला टेकवायची, स्क्रू पिळायचा, खिळा काढायचा. उरलेल्या फटीतून पाणी जातं, आणि पावसात फळी फुगली तर तिला सरकायला जागा मिळते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. साध्या लोखंडाभोवती ऐनाच्या लाकडाला काळे ओघळ येतात, आणि ठोकलेला खिळा फळीच्या फुगण्या-आकसण्यासोबत हळूहळू वर येतो. अनवाणी पायाला तो आधी कळतो.

डेक घराच्या भिंतीला जोडलेला नाही, स्वतःच्या खांबांवर उभा आहे. मधे मोकळी जागा आहे, म्हणजे भिंतीवरून ओघळणारं पाणी लाकडात अडकत नाही.

(दृश्य: काळं तेल, फडकं, फळीचं कापलेलं टोक.)

फळी सगळ्यात जास्त पाणी पिते ती कापलेल्या टोकाने. म्हणून टोकांना काजूच्या टरफलाचं तेल. कातडीवर पडलं तर फोड येतात. मेस्त्रींच्या हाताला बांधलेली पिशवी त्यासाठीच. कोकणात वाशांना हे तेल लावायची चाल जुनी आहे, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही.

इथे थोडं आडरानात जाऊ. अमेरिकेत घरोघरी जे हिरवट लाकडाचे डेक उभे राहिले, त्यांचं रसायन भारतातलं. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला, आर्सेनिक किड्याला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात धरून ठेवायला. दाबाखाली ते लाकडात शिरवत. आर्सेनिकच्या धास्तीने अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबवलं. पण ते लागलं कुणाला? पाईनसारख्या मऊ लाकडाला. सागाच्या गाभ्यात ते धड शिरतही नाही, आणि त्याला त्याची गरजही नाही.

खर्चाचं म्हणाल, तर हा डेक पहिल्यापेक्षा महाग पडला.

(दृश्य: मे अखेर. खळ्यातला, म्हणजे अंगणातला, माटव (मांडव) उतरवताना घरातली माणसं. निवेदन कमी.)

दिवाळीनंतर खळ्यात पोफळीचे वासे उभे करून घातलेला माटव आता उतरतोय. झावळ्यांचे झाप चुलीला, सुंभ गुंडाळून खुंटीला, वासे माळ्यावर. चार महिने कुजायला उन्हातलं काहीच बाहेर ठेवायचं नाही.

(दृश्य: जूनचा पहिला पाऊस. डेकची कड.)

कौलांवरून पागोळ्या लागल्या. मेस्त्रींनी डेकची कड त्यांच्यापासून हातभर बाहेर सोडलीय. धार पडते ती मधल्या काळ्या दगडांच्या चरात. पलीकडे हीराची केरसुणी भिंतीला टेकवलेली आहे, शेवाळ धरायच्या आत रोज फिरवायला. गडग्याच्या खालच्या फटींतून पाणी यायला लागलंय, गढूळ नाही, स्वच्छ.

(पावसाचा आवाज. निवेदन संपलं.)