रजिस्टरातला सोमनाथ

डहाणूहून गाडी पूर्वेला वळली की खारा वास मागं राहतो. चिकूच्या वाड्या संपतात आणि वारल्यांचे पाडे लागतात.

इथं सोमवारी जन्मला तो सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी. शाळेच्या रजिस्टरात सोम्याचा ‘सोमनाथ’ होतो. जन्मतारीख १ जून. शेजारी बसलेल्याचीही १ जून. गुरुजींच्या मनात वाईट काही नसतं, रकाना तेवढा भरायचा असतो. पण घरून आणलेलं नाव इथं चालत नाही, हे पोराला पहिल्याच दिवशी कळतं.

कॅनडानं दीड लाखावर आदिवासी मुलं निवासी शाळांत घातली. आईची भाषा बोलली की शिक्षा. २००८ साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली.

आपल्याकडं पोरं न्यायला पोलीस आले नाहीत. भूक आली. दिवाळी सरली की पाडा ‘जगायला’ निघतो. हा त्यांचाच शब्द. कुणी वीटभट्टीवर, कुणी बांधकामावर. मग पोराच्या दोन वेळच्या जेवणाचं काय? आश्रमशाळा. तिला नावं ठेवणं सोपं आहे, भरल्या पोटी तर फारच.

पण याच किनाऱ्यावर उलटंही घडलंय. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. पोरं गुरांमागं जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. तिचं नावही कुरणशाळा. गुरं चरताहेत आणि झाडाखाली खडे, पानं, बिया मोजणं चाललंय. आधी आंघोळ, नखं कापणं हे होतंच म्हणा. बायांना सगळंच आहे तसं ठेवायचं नव्हतं. पण पोराला पाड्यापासून तोडावं लागलं नाही.

आता आश्रमशाळेची ही भिंत बघा. तांबड्या ऑइलपेंटवर पांढरा तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकवाद्य, भोवती नाचणारी माणसं. आत फळ्यावर प्रमाण मराठी. वारली चित्र भिंतीपर्यंत आलं, वारली बोली दाराबाहेरच.

मे महिना. सोमनाथ सुट्टीला घरी आलाय. पाड्यावर लग्न आहे. कुडाची भिंत शेणानं सारवून गेरूनं रंगवलीय. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलंय, काडीचं टोक ठेचून कुंचला केलाय. लग्न लावणारी धवलेरी गाते, सवाशिणी भिंतीवर देवचौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. हो, चौक काढत नाहीत, लिहितात. त्यांच्यातल्या म्हातारीला सही येत नाही, अंगठा देते.

तिची रेघ मात्र सरळ चाललीय. मध्येच थांबून ती वाटीत बघते.

“सोम्या, पीठ पातळ झालं रं.”