परतीची वाट

(दृश्य : गुहेत शिरणारे पाच जण, पाठीमागून)

पाच जण आत चाललेत. दोघांकडे उजेड म्हणून फक्त मोबाइल. पहिल्याच चढणीला दोन्ही हात दगडाला लागतील आणि मोबाइल खिशात जाईल.

(दृश्य : एकच फाटा, आधी जाताना, मग येताना)

आता हा फाटा नीट बघा. जाताना वाट सरळ, एकच दिसते. डावीकडून मागच्या बाजूने येऊन मिळणारं दुसरं भुयार नजरेच्या टप्प्यात येतच नाही. परत फिरलं की मात्र समोर दोन तोंडं. नवखा माणूस बहुधा रुंद तोंडात शिरतो. आलेली वाट असते डावीकडची, त्या दरडीआडची, अरुंद. दिवे चालू असतात, बॅटरी भरलेली असते, तरीही माणसं चुकतात. त्यांना दोष देऊन भागणार नाही. मागे वळून बघायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

(दृश्य : पथकातली शेवटची मुलगी थांबते, वळते)

असं वळायचं. नुसती मान नाही, अख्खं अंग. दिवा छतापासून जमिनीपर्यंत फिरवायचा आणि एक खूण मोठ्याने म्हणायची : ‘तुटका खांब, त्याच्या डाव्या हाताला.’ चमकणाऱ्या पट्टीचा तुकडा दगडाखाली दाबायचा, टोक बाहेरच्या दिशेला. येताना तो उचलून घ्यायचा. भिंतीवर बाण रंगवू नयेत. आधीच्यांनी काढलेले बाण कुठे नेतात, कोण जाणे. परतताना पुढे नवख्याला चालू द्यावं, जाणत्याने मागून बघावं.

उजेडाची साधनं माणशी तीन. एक हेल्मेटवर, दोन पिशवीत, प्रत्येकाची बॅटरी वेगळी.

(दृश्य : काळी प्लास्टिकची पिशवी पांघरून बसलेली माणसं)

चुकलो हे कळलं की बसायचं. गुहेतली हवा जवळजवळ पूर्ण दमट, भिजलेला सुती कपडा तिथे वाळत नाही. म्हणून ही कचऱ्याची मोठी पिशवी. तोंडापुरतं भोक, गुडघे छातीशी, बूड दोराच्या वेटोळ्यावर. थेट दगडावर बसलं की अंगातली ऊब दगड ओढून घेतो. सगळे खेटून, दिवा एकच चालू. जागा मात्र उंचावरची. छताच्या कपारीत पालापाचोळा अडकलेला दिसला, तर पाणी तिथवर चढलेलं आहे.

हे बसणं उपयोगी पडतं, कारण बाहेर कोणाला तरी सांगून ठेवलेलं असतं : कोणती गुहा, किती जण, कुठवर, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची. दगडातून मोबाइलची रेंज येत नाही.

(दृश्य : शोधपथक)

आधी तीन-चार जणांची हलकी तुकडी मुख्य वाटेने जाते. फाट्यावर हाक मारते, मग दिवे विझवून मिनिटभर स्तब्ध उभी राहते. कुठे आवाज, कुठे उजेडाचा अंश.

चालता येणारा माणूस लवकर बाहेर येतो. स्ट्रेचरवरच्याची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या रीझेंडिंग गुहेत 8 जून 2014 रोजी सुमारे 1,000 मीटर खोलीवर जखमी झालेला अनुभवी गुहा-संशोधक 19 जूनला बाहेर आला.

(दृश्य : गुहेच्या तोंडाशी वही, पाच नावं)

आत गेल्याची वेळ पाचही नावांपुढे आहे. बाहेर आल्याची चौघांपुढे. पेन उघडंच आहे.

(दृश्य : भुयारातून येणारा दिवा. निवेदन नाही.)