माल्कमचं छापचित्र

नमस्कार मंडळी. महाबळेश्वरला आपण ज्या बाजारात फिरतो ना, त्या वस्तीचं जुनं नाव माल्कम पेठ, आणि ज्याच्यावरून ते पडलं तो मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन माल्कम दिसायचा कसा, हे घरोघरी पोचलं ते छापचित्रांमुळे, कारण फोटो नव्हतेच तेव्हा. चित्रकार ऑइल पेंटिंग करायचा, मग दुसरा कारागीर त्यावरून तांब्याचा पत्रा कोरायचा, तोही उलटा बरं का, छापताना डावं-उजवं बदलतं म्हणून, मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून दाबायचा. शाई काळी, एकच. गालावरची सावली, डगल्याच्या जरीची चमक, सगळं रेघा नि ठिपके किती दाट त्यावर. मला तर या कोरणाऱ्या हातांचं फार कौतुक वाटतं.

माल्कम स्कॉटलंडचा, जन्म १७६९, सतरा भावंडांपैकी एक, त्यामुळे पोरवयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आला. पण टिपूवरच्या मोहिमेच्या काळात त्याने फारसी शिकायचं मनावर घेतलं आणि आयुष्याचा रस्ताच बदलला. इराणच्या शहाकडे त्याला वकील म्हणजे दूत म्हणून पाठवलं, एकदा नाही, तीनदा, १८०१ मध्ये तह केला, पुढे शहाने त्याला सिंह-सूर्याचं मानचिन्ह दिलं. त्याचं चित्र हाती आलं तर छातीवर ते शोधा जरूर.

आता आपल्या काळजाला लागणारी गोष्ट. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी हाच माणूस लढला, आणि जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव शरण आले तेही याच्याच हाती. पेशवाईचा शेवट झाला तो बोलणी करून, वर्षाला ८ लाख रुपयांच्या तनख्यावर! गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम भारी वाटली, माल्कम मात्र दिल्या शब्दाला धरून राहिला. बाजीराव बिठूरला गेले ते परत पुण्याला आलेच नाहीत. म्हणून मी त्या चित्रात तलवार बघत नाही, चेहरा बघतो, इतकं बोलणं जमणाऱ्या माणसाचा.

मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये, म्हणजे एशियाटिक लायब्ररीच्या इमारतीत, इंग्रज शिल्पकार चँट्रीने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा आहे, तोही बघून या. आणि छापचित्र दिसलं तर खालची बारीक अक्षरं वाचा, बहुतेक वेळा डावीकडे चित्रकाराचं नाव असतं आणि उजवीकडे पत्रा कोरणाऱ्याचं.